रिपोर्टात ‘व्हीएन वन’ लिवलं हाय, ही स्टेज हाय का?

प्रश्न : डॉक्टर साहेब नमस्कार, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिवतो. माझ्या चुलतभावाचं दीड महिना डोकं दुखत होतं, उलट्या, मग बरळायला लागला, गावात तं बाहेरचं झालं म्हणून लिंबू उतरवणं पण झालं. नागपूरला नेलं तं पाठीतलं पाणी काढून सांगितलं का मेंदूच्या आवरणात बुरशी झाली, क्रिप्टोकॉकस. आता बरा हाय, गोळ्या चालू हायेत. पण मागून एक रिपोर्ट आला, त्यात ‘एमएलएसटी, व्हीएन वन’ आन् पुढे एक नंबर. ही स्टेज हाय का? गोठ्याच्या टिनाखाली कबुतरं बसतात, धुऱ्यावर निलगिरी हाय, लोक म्हणतात तोडून टाका. लेकराइले लागन का?

उत्तर : भाऊ, आधी लेकरांचं सांगतो, नाही लागत. ही बुरशी एका माणसाकडून दुसऱ्याला जात नाही, श्वासातून धुळीबरोबर येते, त्यामुळे ताट-अंथरूण वेगळं करायची काही गरज नाही.

आता तो कागद. स्टेज बिलकुल नाही. लॅबमध्ये पाठीतल्या पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळून पाहतात, सगळं काळं आणि मधे मधे बुरशीचे गोल दाणे, प्रत्येकाभोवती चमकदार कडं, अमावस्येच्या रात्री वावरात कंदील ठेवल्यासारखं, मी शिकत असताना पहिल्यांदा पाहिलं ते अजून आठवते. पण त्या शाईत बुरशी आहे एवढंच समजते, कोणत्या कुळाची ते नाही. त्यासाठी बुरशी वाढवून तिचा डीएनए काढतात आणि त्यातल्या ठरलेल्या सात जागा वाचतात, यालाच एमएलएसटी म्हणतात. सातही ठिकाणचा मजकूर कोणत्या नमुन्याशी जुळतो त्याचा नंबर लावतात, आणि त्या सात नंबरांच्या ओळीला मिळून एक नंबर देतात, तोच तुमच्या कागदावरचा. हा सात जागांचा नियम 2009 साली जगभरच्या लॅबांनी मिळून ठरवला, म्हणून नागपूरचा नंबर ब्राझीलच्या नंबरशी ताडून पाहता येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘व्हीएन वन’ हा तालुका आणि पुढचा नंबर म्हणजे गट नंबर.

व्हीएन वन म्हणजे क्रिप्टोकॉकस निओफॉरमन्स, भारतातच नाही तर जगात सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार. निलगिरीवरून जिची बदनामी झाली ती वेगळी, गॅटी, तिचे प्रकार ‘व्हीजी’ने सुरू होतात, ऑस्ट्रेलियात 1990 च्या सुमारास ती निलगिरीच्या झाडाखाली सापडली आणि 1999 पासून कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर तिची साथ आली, तिथं डीएनएवरून प्रकार ओळखल्यावर कळलं की हे व्हीजी टू आहे. तुमच्या भावाची ती नाहीच, मग निलगिरी काहून तोडता? पाणी पिते म्हणून तोडायची असेल तर तो वेगळा विषय.

कबुतरांचा संबंध आहे, वाळलेल्या विष्ठेत ही बुरशी छान वाढते, म्हणून साफ करताना आधी पाणी मारून भिजवा, तोंडाला मास्क बांधा, कोरडं झाडू नका, आणि हे काम भावाला अजिबात देऊ नका. पण उद्या कबुतरांच्या विष्ठेतही व्हीएन वन निघाली तरी तीच जबाबदार असं म्हणता येत नाही, हा प्रकार सगळीकडेच आहे, शिवाय बुरशी फुफ्फुसात वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकते आणि ताकद कमी झाली की उठते. ताकद का कमी झाली हे मात्र शोधलंच पाहिजे, एचआयव्हीची तपासणी झाली का, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या का, हे डॉक्टरांना विचारा. गावात दम्याला, सांधेदुखीला कोणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉइड खातात, माझा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे.

औषध या नंबरावरून ठरत नाही. अॅम्फोटेरिसिन बी आणि फ्लुसायटोसिन झाल्यावर फ्लुकोनाझोलच्या गोळ्या साधारण वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतात, बरं वाटलं म्हणून सोयाबीनच्या धावपळीत मधेच सोडू नका. आणि डोकं परत दुखायला लागलं, नजर धुरकट झाली तर लिंबू नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि हा कागद सोबत न्या, कारण नवी बुरशी निघाली तर तिचे सात नंबर जुन्याशी ताडून जुनीच उठली की बाहेरून दुसरी आली याचा अंदाज घेता येतो.