नवीन बातमीदाराला: बदनामीच्या खटल्यातून वाचायचं कसं

मालवणात स्वतःचं न्यूज चॅनल काढतोयस, छान. घाबरून मवाळ होऊ नकोस, पण सुरुवातीला एवढं पक्कं कर.

सरपंच आणि कोपऱ्यावरचा खानावळवाला यांना एकाच मापाने मोजू नकोस. जेटीच्या कामाचं बिल सरपंचाने कसं काढलं, यावर कडक बोल. सार्वजनिक कामाबद्दल प्रामाणिक मत मांडायला कायद्यात अपवाद आहे. त्याच्या घरातलं भांडण मात्र तुझा विषय नाही. खाजगी माणसाबद्दल तर दुप्पट जप.

"खरं आहे ना, मग काय?" हा नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज. दिवाणी दाव्यात सत्य पुरतं. फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद.

आणि कागद तपास. आपल्या रत्नागिरीचे टिळक, सोबत आगरकर, १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या कारभाऱ्याने लावलेल्या बदनामीच्या खटल्यात, डोंगरीच्या तुरुंगात गेले, कारण छापलेली पत्रं बनावट निघाली. तिथे तू-मी कोण!

नेहमीच्या चुका:
- 'कथित', 'अशी चर्चा' जोडलं की सुटलो असं समजणं.
- नाव टाळून वाडी आणि धंदा सांगणं. गाव लगेच ओळखतं.
- समोरच्याची बाजू न विचारणं.
- आलेला मेसेज तसाच पुढे ढकलणं. कायद्याच्या लेखी तेही प्रसिद्ध करणंच.

नोटीस आली तर रागात उत्तर टाकू नकोस, आधी वकील गाठ. कलमाला अपवाद दहा आहेत, बाकीचे सवडीने बघू.