वजन कमी करताना संध्याकाळी एक-दोन ग्लास वाईन चालते का? रेड घ्यावी की व्हाइट?

तुमचा प्रश्न वाचून वाटलं, आमच्याच घरातल्या कुणीतरी नाव बदलून विचारलाय. व्हिस्की सोडली, रात्रीचा भात सोडला, सकाळी चालायला लागलात, जेवणाआधी फक्त दोन ग्लास रेड वाईन, तरी काटा जागचा हलत नाही. बरोबर?

तर नाही चालत. निदान तुम्ही घेताय तशी नाही. रेड-व्हाइटचा घोळ सोडा, वजनाच्या हिशेबात दोघी सख्ख्या बहिणी. या दोन ग्लासांनी माझं 2022 चं अर्धं वर्ष खाल्लंय, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं लहानसं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही टर्निंग-बोरिंग करून देतो. व्हर्नियरवर थोडं इकडचं तिकडं झालं की जॉब रिजेक्ट होऊन परत येतो, म्हणजे मोजमाप हाच माझा धंदा. हे आधीच सांगतोय, कारण पुढं माझीच लाज निघणार आहे.

माझी बहीण कोल्हापूरला दिलीय. भावोजींना सगळ्यातलं सगळं कळतं. 2022 च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारनं सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचं ठरवलं आणि केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. त्याच आठवड्यात माझे रिपोर्ट आले होते, शुगर काठावर, वजन 92 च्या वर. भावोजी फोनवर म्हणाले, "अरे, आता सरकारच म्हणतंय की वाईन म्हणजे दारू नव्हे. द्राक्षाचा रस तो. व्हिस्की सोड, हे घे, हृदयाला पण चांगलं. आणि तो भात बंद कर आधी. तुम्ही बेळगावची माणसं भातानं फुगलाय."

आमचं घर 1956 पासून महाराष्ट्रात जायची वाट बघतंय. महाराष्ट्र सरकारचा निर्णय म्हटलं की आमचा ऊर भरून येतो, मग तो वाईनचा का असेना. ऐकलं.

आमच्याकडं दारूच्या दुकानांवर 'वाईन्स' अशी पाटी असते आणि आत खरोखरची वाईन मागितली की पोरगा स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बाटली धूळ पुसून काढतो. गोव्याची स्वस्त पडते, पण चोर्ला घाटातून येताना कणकुंबीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात, आणि ती गोड पोर्ट म्हणजे साखरेचा पाकच. तो नाद केला नाही. कॅम्पातनं साधी, गोड नसलेली रेड आणायला लागलो.

भाताचं मात्र सोपं नव्हतं. येळ्ळूरच्या शिवारात आमची दीड एकर आहे, बासमती लावतो. नवा तांदूळ चुलीवर चढला की गल्लीच्या तोंडाला वास येतो. मी भात नको म्हटल्यावर आई दोन दिवस गप्प होती, तिसऱ्या दिवशी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरनं खरं काय सांगितलंय ते तरी मला सांगा." तिला वाटलं मला काहीतरी मोठं झालंय आणि मी लपवतोय.

रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पाच किलोमीटर चालणं. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. संध्याकाळी माडीवर स्टीलच्या पेल्यातनं दोन 'ग्लास' वाईन, आईला कोकम वाटावं म्हणून स्टीलचा पेला. दर सोमवारी शॉपमधल्या 300 किलोच्या प्लॅटफॉर्म काट्यावर मी उभा राहायचो. फेब्रुवारीत 92.40. जुलैच्या शेवटी 91.65. साडेपाच महिने घाम गाळून पाऊण किलो! आमचा जुना टर्नर काट्याकडं बघून म्हणाला, "मालक, हे मशीनिंग न्हवं. नुसतं बफिंग करूलालाय तुम्ही." बफिंग म्हणजे नुसती चकाकी, वजन काही उतरत नाही. सगळं शॉप हसलं. मी पण हसलो, पण ते लागलं.

मग श्रावण लागला. आमच्या घरात श्रावणात बाटली सोडाच, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि पहिल्या सोमवारचा उपवास सोडताना आईनं ताटात वरणभात वाढला, वर तूप. नाही म्हणवेना. एकदा सुरू झाला तो रोजचाच झाला, दोन्ही वेळचा. मी मनाशी म्हटलं, आता 95.

श्रावण संपल्यावरच्या सोमवारी काट्यावर 89.20. काटा बिघडला म्हणून 20 किलोचं प्रमाणित वजन ठेवून बघितलं. बरोबर 20 दाखवलं.

त्या रात्री मी जे करायला हवं होतं ते सहा महिने उशिरा केलं. शॉपमधला लहान डिजिटल काटा घरी आणला. रिकामा पेला ठेवला, 92 ग्रॅम. मग रोज जिथपर्यंत वाईन ओतायचो, काठाखाली एक बोट, तिथपर्यंत पाणी भरलं. 302. म्हणजे 210 मिली. वाईनचा ग्लास म्हणतात तो 150 चा. मी दोन म्हणत रोज जवळजवळ तीन पीत होतो. बायको भांडी पुसत शांतपणे म्हणाली, "मी मोजत होतेच की. दोन दिवसाला एक बाटली भंगारात जाऊलाल्ती." मग बोलली का नाहीस? "तुम्ही मोजमापातली माणसं, आम्ही काय सांगणार."

आता हिशेब. अल्कोहोलच्या एका ग्रॅमला 7 कॅलरी, साखरेला 4, तुपाला 9. म्हणजे तुपाच्या खालोखाल हेच. 13 टक्क्यांच्या गोड नसलेल्या वाईनचा 150 मिलीचा ग्लास साधारण सव्वाशे कॅलरीचा. माझे 420 मिली झाले साडेतीनशे. त्याआधी मी 30 मिलीचे दोन पेग सोड्यातनं घ्यायचो, ते दोन्ही मिळून 140. व्हिस्की सोडून मी अडीचपट प्यायला लागलो होतो, आणि वर स्वतःची पाठ थोपटत होतो! पहाटेचं पाच किलोमीटर चालणं माझ्या वजनाला अडीचशे-तीनशे कॅलरी जाळतं. म्हणजे सकाळचं सगळं चालणं संध्याकाळी पेल्यात परत येत होतं.

शिवाय माडीवर नुसती वाईन कोण पितो? मूठभर शेंगदाणे म्हणता म्हणता पन्नास ग्रॅम होतात, त्याचे वेगळे पावणेतीनशे. पोटात थोडी गेली की भूक खवळते आणि हात आपला आपण वाटीकडं जातो. वरून झोप मोडते. लगेच डोळा लागतो हे खरं, पण पहाटे तीनला टक्क जाग, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समोसा दिसतो.

शरीर अल्कोहोल साठवून ठेवू शकत नाही. यकृताला ते आधी निपटावं लागतं. लग्नात व्याही आले की त्यांची पंगत आधी बसते, घरची माणसं मागं थांबतात, तशी तुमची चरबी तोवर थांबून राहते. कॅलरी मोजून-मापून घेतल्या तर हेही जमवता येतं, पण रात्री नवाला माडीवर कोण मोजतो?

त्याच आठवड्यात गणपती. भावोजी जेवायला आले, मी आकडे समोर ठेवले. पाच मिनिटं गप्प. मग म्हणाले, "मटण बंद होतं रे श्रावणात, म्हणून उतरलं. वाईनचा काय संबंध?" भर पंगतीत! आणि माझ्या ताटातल्या भाताकडं बघून वर, "खा, खा."

मुद्दा अगदीच खोटा नव्हता, ते मान्य करतो. म्हणून दसऱ्याला मशीनची पूजा झाली त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत परत मांडलं. बुधवार-रविवार मटण, भात दोन्ही वेळा पण बेताचा, चालणं तेवढंच, वाईन शून्य. 88.60 चं 88.05 झालं. फोन केला. "मग चालणं वाढवलं असशील," म्हणाले. त्यांचं स्वतःचं वजन किती हे विचारू नका, ते काट्यावर चढत नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगतो, कुणी भात सोड म्हणालं तर आधी त्याच्या हातात काय आहे ते बघा. आमच्या आजोबांनी जन्मभर दोन्ही वेळा भात खाल्ला, कमरेचा करदोटा कधी बदलला नाही. शेतात राबत होते हे खरं, आणि मी दिवसभर खुर्चीत, तेव्हा माझं माप वेगळं. घमेलंभर भात खा असं मी म्हणत नाही. पण वजन वाढलं आणि दोष गेला पेल्याला असं कधी ऐकलंय? भातालाच कोंडतात सगळे, कारण तो ताटात दिसतो.

तुम्ही करायचं एवढंच, एक महिना पूर्ण बंद करून बघा, बाकी काही बदलू नका. श्रावणाची वाट बघायची गरज नाही. आणि सुरू केलीत तर मोजून, आठवड्यात एक-दोनदा, जेवणाबरोबर, शेंगदाणे खाली ठेवून.

हे आधी लिहायला हवं होतं: शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा प्रश्न इथं विचारू नका, डॉक्टरला विचारा. अल्कोहोलनं शुगर अचानक खाली जाते, रात्री झोपेत गेली तर घरच्यांना कळणारसुद्धा नाही. फॅटी लिव्हर असेल तर विषयच संपला. हृदयाला चांगली म्हणून पिताय तर तेही डोक्यातनं काढा, अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 च्या जानेवारीत स्पष्टच सांगितलंय. आणि माझ्या श्रावणातल्या अडीच किलोत थोडं पाणीही असणार, तुम्हाला तेवढंच उतरेल असं धरून बसू नका.

मी आता शनिवारी एकच घेतो. 150 ग्रॅम पाणी तोलून पेल्याच्या आतल्या बाजूला स्क्रायबरनं रेघ मारून आणली, अगदी बारीक, नख फिरवलं तर लागते. मागच्या आठवड्यात पेला माडीवर सापडेना. खाली आलो तर आई त्यानंच तांदूळ मापत होती. म्हणाली, "रेघेपर्यंत घेतला की दोघांचा बरोबर होतोय. असले अजून दोन-चार कर की."