घोटा मुरगळलाय? सुरुवातीला एवढंच करा

घोटा मुरगळून आठवडा झाला असेल, तर आता नुसतं पडून राहू नका. (चार पावलंही टाकता येत नसतील तर मात्र आधी एक्स-रे.) बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा. मग भिंतीला हात टेकून टाचा उचला, खाली येताना सावकाश. थोडं दुखेल, चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा ठणका वाढला, तर कालचं जास्त झालं समजा आणि निम्म्यावर या.

नेहमीच्या चुका:
- दुखणं थांबलं की लगेच पळणं. लिगामेंट (हाडांना हाडं जोडणारा पट्टा) भरायला महिने लागतात. मी तिसऱ्याच आठवड्यात धावलो आणि तोच पाय पुन्हा मुरगळून घेतला.
- तोलाचा व्यायाम गाळणं. दात घासताना त्या पायावर ३० सेकंद उभे राहा, घोटा कसा थरथरतो बघा.

रबर बँड, उड्या वगैरे नंतर बघू.