रॉक संगीतात वयात येणाऱ्या मुलामुलींची घालमेल नेमकी कशी उतरते?

शब्दांच्या आधी आवाजातून उतरते, असं माझं मत. गाण्यात काय म्हटलंय यापेक्षा ते कसं वाजतंय यातून हे अडनिडं वय जास्त कळतं.

गिटार शिकताना मला सगळ्यात आधी जमली ती पॉवर कॉर्ड. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर. नेहमीच्या कॉर्डमध्ये सा, ग, प असे तीन सूर असतात. गंधार शुद्ध असला की कॉर्ड उजळ वाटते, कोमल असला की उदास. पॉवर कॉर्डमध्ये गंधारच नसतो, उरतात फक्त सा आणि प. त्यामुळे ती ना धड आनंदी, ना धड दुःखी. वर ॲम्प्लिफायर झेपेल त्याच्या पलीकडे चढवायचा, म्हणजे सूर फाटतो. (तीन सुरांची कॉर्ड एवढी फाडली तर नुसता गोंगाट ऐकू येतो, म्हणून गंधाराला सुट्टी.) पंधरा-सोळाव्या वर्षी आपल्याला काय होतंय ते धड सांगता येत नाही, पण काहीतरी होतंय हे ओरडून सांगायचं असतं. त्यासाठी याहून सोपा आवाज मला तरी माहीत नाही.

मुलांचं म्हणाल तर द हू या ब्रिटिश बँडचं 1965चं 'माय जनरेशन' ऐका. रॉजर डाल्ट्री त्यात अडखळत गातो. राग गळ्यापर्यंत आलाय आणि शब्द बाहेर पडत नाहीये. त्या वयातल्या मुलाचं घरातलं बोलणं बरंचसं असंच असतं. मुलांच्या रॉकमधला शत्रू सहसा बाहेर असतो: आईबाप, शाळा, एकूणच मोठी माणसं. आणि मुलगी? ती बऱ्याचदा नुसती तक्रारीचं कारण. हा रॉकचा जुना दोष आहे. तो झाकून 'रॉक सगळ्यांचंच' म्हणणं मला पटत नाही.

मुलींचा झगडा सुरू होतो तो लोकांच्या नजरेपासून. 1975 साली लॉस एंजेलिसमध्ये द रनअवेज हा किशोरवयीन मुलींचा बँड निघाला, तर त्या वाजवतात कशा यापेक्षा त्यांनी घातलंय काय याचीच चर्चा जास्त. 1977च्या सुमारास लंडनमध्ये एक्स-रे स्पेक्स या बँडची गायिका पॉली स्टायरीन दातांच्या तारांसकट स्टेजवर यायची. ज्या तारा लपवायला मुली तोंडावर हात धरून हसतात, त्या तिने माइकसमोर बिनधास्त दाखवल्या. मला तिच्या गाण्यांइतकंच हे महत्त्वाचं वाटतं.

पुढे नव्वदच्या दशकात बिकिनी किल या बँडची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना पुढे यायला सांगायची, कारण स्टेजसमोर मुलांची धक्काबुक्की चालायची आणि मुली मागे ढकलल्या जायच्या. म्हणजे गाणं ऐकायला उभं राहण्यापुरती जागासुद्धा मुलींना भांडूनच मिळवावी लागली.

गंमत बघा, याच हॅनाने एकदा निर्वाना या बँडचा गायक कर्ट कोबेन याच्या भिंतीवर खरडलं की कर्टला 'टीन स्पिरिट'चा वास येतो. तो होता मुलींचा डिओडरंट! कोबेनला ते माहीतच नव्हतं, त्याला ते काहीतरी क्रांतिकारी वाटलं. त्यातून 1991मध्ये निर्वानाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' आलं. मुलांच्या संतापाचं गाणं म्हणून जे मिरवतं, त्याचं नावच एका मुलीच्या थट्टेतून आलेलं. त्यात कडवी पुटपुटल्यासारखी येतात आणि ध्रुवपदात एकदम स्फोट होतो. दिवसभर तोंडाला कुलूप आणि संध्याकाळी धाडकन दार आपटणं, यात मुलगा-मुलगी असा फरक कुठे असतो?

ऑलिव्हिया रॉड्रिगो या तेव्हा अठरा वर्षांच्या अमेरिकन गायिकेच्या 2021च्या 'ब्रूटल'मध्ये सुरुवातीला गोड व्हायोलिनं वाजतात आणि मग तीच फाटकी गिटार घुसते. तुम्ही नव्याने ऐकणार असाल तर याच गाण्यापासून सुरुवात करून मागे मागे जा, आणि पहिल्या खेपेला गाण्याचे शब्द शोधत बसू नका.