सही कशावर घेतली तेच कळलं नाही

प्रश्न : ताई, मी कर्नाटकातल्या निपाणीचा. माझी मावशी 52 वर्षांची, सौंदत्तीच्या यल्लम्माची जोगतीण, देवाला सोडलेली. तिच्या एचआयव्हीच्या गोळ्या (एआरटी) चालू होत्या पण इथं कुणीतरी ओळखीचं भेटतंच म्हणून ती कोल्हापूरला जायची. लॉकडाऊनमध्ये सीमेवरचा कोगनोळी नाका बंद झाला तेव्हा खाडे पडले, मग फेब्रुवारी 2021 पासून परत येताना कोरोनाचा आरटीपीसीआर रिपोर्ट मागायला लागले, आता चार महिने एक गोळी नाही. इथल्या एका दवाखान्यात नेलं तर कन्नड कागदावर सही घेतली, तिला कन्नड वाचता येत नाही, आणि वर सिस्टरनं सगळ्या लाइनीपुढं विचारलं, ती एआरटीवाली कुठाय? आता कोरोनाच्या लसीलापण नको म्हणते, आमच्यासारख्यांना सुई देऊन संपवणार म्हणते. काय करू?

उत्तर : नाव, गल्ली काढून पत्र छापतेय, काळजी करू नको.

मावशीला अडाणी समजू नको बाबा. 1982 ला देवदासी बंदीचा कायदा आला तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असणार, तिथून पुढं सरकारी माणूस दारात आला तो बहुतेक वही घेऊन, नाव लिही, जात लिही, सर्व्हे. आणि आता ज्या कागदावर सही केली त्यात काय होतं तेच माहीत नाही, मग सुईत काय आहे ते कुणाच्या भरवशावर मानायचं? माझंच सांगते, काउन्सेलिंगला नवी होते तेव्हा एका बाईच्या घरी बोर्ड लावलेल्या जीपनं गेले, अर्ध्या तासात गल्लीला कळलं, ती बाई वर्षभर माझ्याशी बोलली नाही आणि बरोबर केलं तिनं.

लसीचं सोपं आहे. कोविशिल्ड काय कोव्हॅक्सिन काय, दोन्हीत शरीरात वाढेल असा जिवंत विषाणू नसतो, एचआयव्ही असलेल्यांना चालतात. मार्च 2021 मध्ये 45 ते 59 वाल्यांसाठी आजारांची यादी होती त्यात एचआयव्हीपण होता पण सर्टिफिकेट दाखवावं लागायचं, 1 एप्रिलपासून 45 च्या वरच्या सगळ्यांना खुली झाली. म्हंजे मावशीनं आधार कार्ड दाखवायचं, बाकी लाइनीत कुणाला काही सांगायचं नाही.

खरी घाई गोळ्यांची आहे. लस महिनाभर पुढंमागं झाली तर बघू, पण गोळ्या बंद असल्या की विषाणू परत वाढतो, प्रतिकारशक्ती खाली येते, टीबी गाठतो. आणि चालू-बंद केल्यानं तेच औषध पुढं लागू पडत नाही असंही होतं, म्हणून घरातल्या उरलेल्या किंवा दुसऱ्या कुणाच्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करायच्या नाहीत. एआरटी सेंटरलाच जायचं, तिथं तपासून ठरवतील. तिचं हिरवं बुक, म्हंजे सेंटरनं दिलेली उपचाराची वही, असेल ना, ते घेऊन कर्नाटकातल्या सेंटरलापण जाता येतं, कोल्हापूरचाच हट्ट नको. निपाणीत ओळखीचे भेटतात तर बेळगावला ने, एवढ्या मोठ्या गावात कोण कुणाला बघतंय. लॉकडाऊनमध्ये तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला नाकोनं, म्हंजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेनं, सांगितलं होतं, एकदा नीट सुरू झाल्या की जास्तीच्या मिळतील का, पुढच्या वेळी तू जाऊन आणल्यास तर चालतील का, हे तिथंच विचारून घे.

सिस्टरनं जे केलं ते कायद्यात बसत नाही. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, विचारल्याशिवाय एचआयव्हीची टेस्ट करता येत नाही, दुसऱ्याला सांगता येत नाही आणि या आजारावरून उपचार नाकारता येत नाहीत, मग दवाखाना सरकारी असो नाहीतर खाजगी. तक्रार करायची का ते मावशीला ठरवू दे, तू तिच्या नावानं परस्पर अर्ज ठोकू नको, ते परत तेच झालं, तिला न विचारता. मात्र पुढच्या वेळी कागद पुढं आला की म्हणायचं, आधी मराठीत वाचून सांगा, मग सही. तू सोबत असशील तर तूच म्हण, मोठ्यानं.

आणि तू समजावत बसण्यापेक्षा गोळ्या घेऊन धडधाकट असलेली दुसरी एखादी जोगतीण तिच्या ओळखीत असेल तर तिला चहाला बोलाव. दोघींना बोलू दे, तू बाहेर जा. त्या बाईनं लस घेतली असेल तर काय दुखलं, ताप किती दिवस होता, हे ती तुझ्या-माझ्यापेक्षा बरं सांगेल. तसं कुणी नसेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन लाव, फुकट आहे, नाव सांगायची गरज नाही.

हिरवं बुक आधी शोधून ठेव. गादीखाली नसेल तर देव्हाऱ्यात परडीखाली बघ, मी बऱ्याच घरांत तिथंच बघितलंय. सापडलं तरी तू हात लावू नको, तिलाच काढू दे.