मोडीत घालण्याआधी चमच्यामागचे शिक्के वाचा

लेस्टरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. शेजारच्या इंग्रज आजींनी जाताना त्यांच्या नावे चांदीच्या चमच्या-काट्यांची पेटी ठेवली. चांदी विकत घेणाऱ्या एका दुकानदाराने सगळ्याचे मिळून 900 पाऊंड देऊ केलेत. ताईंच्या क्रेडिट कार्डावर 1,400 पाऊंड थकलेत, व्याज वर्षाला 24 टक्के. त्यांचे यजमान म्हणतात, चांदी वाढतेय, पेटी ठेवून द्या. विकावी की ठेवावी?

ताई, विकायला माझी हरकत नाही. पण 900ला नको, आणि सगळं एकाच माणसाला नको. तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले, त्यावरून हे सांगतो.

सहा टेबल काटे, सहा टेबल चमचे आणि सहा डेझर्ट काटे यांच्या दांड्यामागे पाच शिक्के आहेत. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात 925 भाग चांदी. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनला तपासणी. ते मुकुटाशिवाय आहे, म्हणजे 1821 नंतरचं. राज्यकर्त्याचं (इथे राणीचं) मुंडकं ही कर भरल्याची खूण, ती 1784 ते 1890 एवढ्याच काळात उमटवत. चौथं वर्ष सांगणारं अक्षर: वळणदार गॉथिक लिपीतलं छोटं ‘के’, ते लंडनच्या तक्त्यात 1865चं. हे अक्षर नुसतं वाचून भागत नाही. तेच अक्षर बर्मिंगहॅमला किंवा शेफील्डला वेगळं वर्ष सांगतं, म्हणून आधी शहराचा शिक्का ओळखायचा (बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा त्या काळी मुकुट) आणि अक्षराची लिपी व भोवतीची चौकट बघून मग वर्ष काढायचं.

पाचवा शिक्का माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा: ‘जी.ए.’. हे लंडनचे जॉर्ज अ‍ॅडम्स. चॉनर कंपनीचे, 1840 साली त्यांनी हा शिक्का नोंदवला. व्हिक्टोरियन काळात चमचे-काटे घडवणाऱ्यांत त्यांचा कारखाना नावाजलेला होता. अठराही नग एकाच कारागिराचे, एकाच वर्षाचे आहेत. संग्राहक अशा जुळलेल्या संचाला घडणावळीचे पैसे देतो. वितळवणारा एक पेनीही देत नाही.

सहा डेझर्ट चमचे मात्र दुसऱ्या कारागिराचे, मोठ्या ‘एफ’ अक्षराचे, म्हणजे लंडनचंच 1881. चांदी अस्सल, पण संचाबाहेरची.

चहाचे सहा चमचे बघून मला वाईट वाटलं, कारण तुम्ही ते सगळ्यात जपून ठेवलेत. त्यांच्यावर छोट्या-छोट्या चौकटींत चार अक्षरं आहेत: ई, पी, एन, एस. लांबून हॉलमार्कच वाटावा अशी ती मांडणी असते, पण अर्थ एवढाच की निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. शेजारचं ‘ए वन’ हेही मुलाम्याच्या दर्जाबद्दलच. सुऱ्यांचं पातं पोलादाचं आणि मूठ आतून राळेसारख्या पदार्थाने भरलेली, त्यामुळे त्यांचं वजन धरायचंच नाही.

आता काटा-तराजू. तुम्ही लिहिलेलं 2,100 ग्रॅम सगळ्याचं मिळून आहे. सुऱ्या आणि चहाचे चमचे वगळले की तुमच्याच यादीप्रमाणे 1,470 उरतात. त्याला 0.925 ने गुणा: शुद्ध चांदी साधारण 1,360 ग्रॅम. हिशेबाला सोपं म्हणून ग्रॅमला 1 पाऊंड भाव धरू, तर नुसती धातूची किंमत 1,360. दुकानदार त्यातले 66 टक्के देतोय. तुम्ही ज्या दिवशी विकाल त्या दिवसाचा भाव घालून हाच हिशेब पुन्हा करा, आणि किमान तीन ठिकाणी विचारा. आपल्याकडे मोड घालतानाही आपण दोन सराफांकडे जातोच ना?

यजमानांना सांगा, चांदी वर्षाला 24 टक्के हमखास वाढेल असं कोणीही लिहून देणार नाही. कार्डाचं व्याज मात्र हमखास चढतंय, महिन्याला 28 पाऊंड. म्हणून पेटी ठेवून कर्ज फेडत बसणं मला पटत नाही. 1881चे सहा चमचे वजनावर लगेच विका, तेवढे पैसे कार्डावर भरा. अठरा नगांचा संच चांदीची स्वतंत्र विक्री करणाऱ्या लिलावगृहाकडे द्या. दोन-तीन महिने थांबावं लागलं तर व्याजात 85 पाऊंडांच्या आत जातील, ते सोसा. विक्रेत्याचं कमिशन बरेचदा 15 ते 20 टक्के असतं, ते आणि विमा, फोटोचा खर्च आधी लेखी घ्या. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली वस्तू विकायचीच नाही ती, धातूच्या किमतीखाली ठेवू देऊ नका. नफ्यावरच्या कराची धास्ती नको. वस्तूंचा संच 6,000 पाऊंडांच्या आत विकला गेला तर तो कर लागत नाही.

तोवर पॉलिशच्या कापडाने घासू नका, शिक्के पुसट होतात. दांड्यावरची आजींच्या घराण्याची आद्याक्षरंही खोडून घेऊ नका. खोडलेल्या जागी धातू पातळ होतो आणि जाणकाराला ते अंगठ्याने दाबताच कळतं.

चहाचे चमचे विकायला गेलात तर हाती काही पडणार नाही. आजींकडे दर रविवारी चहा त्यांच्यानेच ढवळलात असं तुम्ही लिहिलंय. ते स्वयंपाकघरात काढून रोज वापरा.