नाताळ पूर्वीसारखा होत नाही, म्हणून झोप उडते तेव्हा

दिवाळी आटोपली की इंदुरातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतून समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो: ‘आमच्या घरचा नाताळ आता पूर्वीसारखा होत नाही, मुलांना त्याचे काही वाटत नाही, माझ्यामागे हे सगळे बंद पडणार का?’ भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या आधी हिंदू घरांतून येणारा प्रश्नही जवळजवळ याच शब्दांत असतो, त्यामुळे ही काळजी एका धर्माची आहे असे मी मानत नाही. पुढे ज्या कुटुंबाची हकिकत देत आहे, त्यांनी लिहिण्यास संमती दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

बाई साठी ओलांडलेल्या, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. घराणे मूळचे नगरकडचे, आजेसासऱ्यांच्या नोकरीमुळे होळकरांच्या काळात इंदुरात स्थायिक झालेले. रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, आणि डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून प्रकृतीत काही दोष नसल्याचे सांगितले, म्हणून त्या आल्या होत्या. बोलणे मात्र सुरुवातीपासून सुनेबद्दलच चालले. सून केरळची, सिरियन ख्रिस्ती परंपरेत वाढलेली. त्या परंपरेत १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत उपास पाळतात आणि मांसाहार वर्ज्य असतो. कॅरोल गाणारी मंडळी घरी येत त्या रात्री बाई मटणाचा बेत करीत, आणि सून ताटातले मटण नाकारी. ‘माझ्या हातचे तिला चालत नाही’, असा अर्थ त्यांनी मनाशी लावून ठेवला होता. त्यात मुलाने फोनवर सुचवले, की यंदा फराळ विकत आणू, चोवीसच्या रात्री सगळे इंदुरातल्याच विजयनगर भागात आमच्या फ्लॅटवर जमू आणि पंचवीसला दुपारी हॉटेलात जेवू. ‘म्हणजे माझे घर बंद झाले, मॅडम’, बाई म्हणाल्या.

अशा वेळी ‘काळाप्रमाणे बदलायला हवे’ हा उपदेश मी करीत नाही. तो ऐकून कोणाला झोप लागल्याचे मला माहीत नाही, आणि ज्या माणसाने तीसपस्तीस वर्षे एक सण खांद्यावर वाहिला, त्याच्या श्रमांचा त्यात अपमान होतो. त्याऐवजी मी त्यांना घरातली प्रत्येक रीत कोणी आणि केव्हा सुरू केली, हे आठवायला सांगितले. इतिहासाच्या शिक्षिका असल्याने त्यांना हे काम आवडले, आणि आम्ही घराबाहेरच्या रीतींचीही वये पाहिली. ज्याच्यावाचून आज नाताळ सुना वाटतो तो सजवलेला वृक्ष मूळचा जर्मन प्रदेशांतला, आणि इंग्लंडच्या घराघरांत तो रुजला तो १८४८ साली व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे वृक्षाभोवतीचे चित्र एका साप्ताहिकात छापून आल्यानंतर. नगरला १८३१ पासून काम करणारे अमेरिकन मिशन अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या ज्या न्यू इंग्लंडमधून आले, तेथल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. इंदुरात १८७७ पासून स्थिरावलेले कॅनेडियन मिशन प्रेस्बिटेरियन, आणि त्या पंथाची मूळभूमी असलेल्या स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुटी १९५८ साली सुरू झाली. म्हणजे बाईंच्या घराण्याला ज्यांच्याकडून धर्म मिळाला, त्यांच्याकडून हा फराळ, हे दिवे आणि ही धामधूम आलेली नव्हती. करंज्या, चकल्या आणि अनारसे इथल्याच स्वयंपाकघरांनी नाताळात आणले.

बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘तारा ह्यांनी आणला.’ लग्नानंतरच्या पहिल्या नाताळपासून त्यांचे पती बांबूच्या कामट्या तासून, त्यांवर पतंगाचा कागद खळीने चिकटवून, दारावर टांगायचा तारा स्वतः करीत. चोवीसच्या रात्री उपासनेहून परतल्यावर सगळ्यांना बसवून बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्यायही तेच वाचत, कैसर औगुस्ताच्या नावनोंदणीपासून मेंढपाळ परत जाईपर्यंत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून त्या घरात तारा लागला नाही आणि अध्याय वाचला गेला नाही. फराळ मात्र बाईंनी पूर्वीहून अधिक केला होता.

मग मी मुलाला आणि सुनेला बोलावले, आणि प्रत्येकाला एकच विचारले: कोणती गोष्ट झाली नाही तर तुम्हाला नाताळ झाला असे वाटणार नाही? मुलाने विचार न करताच सांगितले, ‘पप्पांचे वाचन.’ त्या खोलीत ते वाचन होत नाही, हे दोन वर्षे त्याला सोसवले नव्हते, आणि म्हणून त्याला जागाच बदलायची होती. ‘आता मी वाचायचे की नाही, हे मला कोणी सांगितलेच नाही’, तो म्हणाला. बाई म्हणाल्या, ‘तू आपणहून पुस्तक घेशील म्हणून मी वाट पाहत होते.’ सून शेवटी बोलली. तिला कसलाच बदल नको होता. तीन नाताळ झाले, तिच्या हातात कोणी करंज्या कापायचे कातणे दिले नव्हते. ‘राहू दे, तुला जमायचे नाही’ एवढेच ऐकून ती पाहुण्यांना बश्या नेऊन देत होती.

स्टीव्हन वॉलिन आणि लिंडा बेनेट या अमेरिकन अभ्यासकांनी १९८४ साली कुटुंबातील विधींची मांडणी करताना मोठे सण, घरच्या खास परंपरा आणि रोजचे ठरलेले व्यवहार असे तीन प्रकार सांगितले. बापाच्या किंवा आईच्या व्यसनातही ज्या घरांनी सणाची जेवणे मोडू दिली नाहीत, त्या घरांतली मुले पुढे व्यसनात कमी सापडली, असे त्यांच्या अभ्यासगटाला आढळले. सणाला धरून राहण्यात बाईंचे काही चुकत नव्हते, हे मी त्यांना याच आधारावर सांगितले. पण एखाद्या रीतीचे बळ ती करणाऱ्यांना तिच्यात आपली जागा दिसण्यावर अवलंबून असते, आणि या घरात तिघांपैकी दोघांची जागा ठरलेलीच नव्हती.

पुढचे त्यांनीच ठरवले. अनारसे गेले. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाळवून कुटायचे आणि इतके करून तुपात घातल्यावर ते हसायचे, म्हणजे विरघळून पसरायचे, हे सगळे बाईंना पहिल्या वर्षापासून नकोसे होते आणि सासूबाईंच्या शब्दाखातर त्या करीत आल्या होत्या. करंज्या राहिल्या, सारण बाईंचे आणि कातणे सुनेच्या हाती. चोवीसची रात्र जुन्याच घरी, वाचन मुलाचे. बाईंची टोरांटोत राहणारी मुलगी त्या वेळी व्हिडिओवर असेल, कारण इंदुरात रात्रीचे नऊ म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेदहा. पंचवीसला उपासनेनंतर सुनेच्या घरी अप्पम आणि स्ट्यू, तिचा उपास तिथे सुटेल आणि बाई पाहुण्या म्हणून जातील. कॅरोलच्या रात्री मटणाबरोबर एक भाजी असेल. ताऱ्याचे मात्र काही ठरले नाही. मुलगा बाजारातून आणतो म्हणाला, बाईंनी ठाम नकार दिला, आणि मी त्यात पडले नाही.

याच काळजीने येणाऱ्यांना मी दोन गोष्टी आग्रहाने सांगते. हे बोलणे नोव्हेंबरात करा, डिसेंबरात हात कामात आणि मन टोकाला असते. आणि घरात कोणी गेले असेल, तर त्या माणसाचे काम आता कोण करणार हे मोठ्याने विचारा. समोरच्याने आपणहून ओळखावे अशी परीक्षा दुःखात असलेल्या माणसाची घेऊ नये, तो नापास झाल्यासारखा वागतो आणि आपण त्याचा अर्थ बेपर्वाई असा लावतो.

जानेवारीत बाई आल्या तेव्हा झोप पूर्वीपेक्षा बरी होती. मुलगा मेंढपाळांपाशी येऊन थांबला, उरलेल्या ओव्या सुनेने मराठीत अडखळत वाचल्या, असे त्यांनी सांगितले. धडधड पंचवीसच्या दुपारी पुन्हा झाली होती. त्यांच्या भेटी अजून चालू आहेत आणि आता आम्ही त्यांच्या पतीविषयी बोलतो.